तीन नंबरची डिस्क

मोठे साहेब, दवाखान्याचं वाटोळं तुम्ही केलं. दैवशालाबाईनं न्हाई. बॅकअपसाठी वेगळी मशीन मागितली तेव्हा तुम्ही हसलात. दुसऱ्यांदा मागितली तेव्हा "तुम्हा कॉम्प्युटरवाल्यांचं पोट कधी भरतच नाही का?" असं चार लोकांत म्हणालात, आणि त्याच महिन्यात फाटकावर वडिलांच्या नावाची ग्रॅनाइटची कमान उभी केलीत. मग एका दुपारी सहा वर्षांचे एक्स-रे गडप झाले आणि तुम्ही फरशी पुसणाऱ्या बाईकडं बोट केलंत.

हे सारं राजानंद मोटारसायकलवर मोठमोठ्यानं बोलत होता. जालन्याहून मंठ्याला निघालेला माणूस हेल्मेटच्या आत काय बोलतो ते ऐकायला कोण बसलंय? तिथं कुणीबी शूर होतं. पण 'बोट केलंत' इथवर आला की त्याची जीभ अडखळायची. पुढचं वाक्य साहेबाचं नव्हतंच. पुढचं वाक्य होतं, "तीन नंबरची काढ." ते वाक्य राजानंदचं होतं, त्याच्याच तोंडून फोनवर निघालेलं. मग तो दोन-चार मैल गाडी नुसतीच हाणायचा आणि पुन्हा साहेबापासून सुरू करायचा.

राजानंदचं जालन्यात जुन्या मोंढ्याकडं दुकान. मेलेल्या कॉम्प्युटरमधून माल बाहेर काढायचा धंदा. लिनक्स त्याला कुण्या कॉलेजानं शिकवलं नव्हतं. भंगारातल्या मशीनवर रात्रंदिवस डोकं आपटून शिकला होता. मंठ्याच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात सहा वर्षांपूर्वी मशीन त्यानंच बसवली. चार डिस्क एकत्र जुंपलेल्या. माल चौघींवर असा वाटलेला, की एक मेली तर उरलेल्या तिघींवरून तिच्या पोटात काय होतं ते बराबर काढता येतं. दोन मेल्या की खेळ खलास. आणि सगळ्यावर कुलूप. खोकल्याचा दवाखाना तो. कारखान्यातली, जिनिंगमधली, वीटभट्टीवरची माणसं छातीचा फोटो काढायला यायची. कुणाला टीबी आहे हे बाहेर फुटलं तर लेकीची सोयरीक मोडते. म्हणून आतलं सगळं पासवर्डाच्या कुलपात. डिस्क चोरून नेली तरी कचऱ्याशिवाय काही दिसायचं नाही.

बसवली त्या दिवशी राजानंद जरा फुगला होता. कल्याणला, म्हणजे ट्रस्ट चालवणाऱ्या मोठ्या साहेबाच्या भाच्याला, दवाखान्याचा मॅनेजर तोच, मोठ्या तोऱ्यात म्हणाला होता, "ह्या चारी डिस्क कुठल्याबी स्लॉटात घाल. लिनक्स बराबर ओळखतं. सख्ख्या बहिणी हायत, कोण कुठं बसली त्याला फरक पडत न्हाई."

बोलणं शंभर टक्के खरं होतं. मशीनला फरक पडत नाही. माणसाला पडतो. माणसाला कळावं म्हणून राजानंदनं एक, दोन, तीन, चार अशा पट्ट्या चिकटवल्या, आणि त्या डिस्कच्या ट्रेवर न चिकटवता मशीनच्या पत्र्यावर चिकटवल्या. ट्रेवर डिंक धरत नव्हता, म्हणून. एवढ्यावर भागवलं. घरी जायची घाई होती.

मग खंडेनवमी आली. दवाखान्यात दरवर्षी सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. ॲम्ब्युलन्सला हार, जनरेटरला नारळ, एक्स-रेच्या मशीनला हळदकुंकू. कल्याणनं सर्व्हर बंद केला आणि दैवशालाबाईला म्हणाला, "मावशी, याच्यातबी लई धूळ बसली, आतून पुसून घ्या." बाईनं चारी ट्रे ओढून काढले, कोरड्या फडक्यानं पुसले, ओळीनं मांडून हळदीकुंकवाचं बोट लावलं, झेंडूचं एकेक फूल ठेवलं. परत घालताना विचारलंसुद्धा, "दादा, कोणतं कुठं?"

"कुठंबी घाला," कल्याण म्हणाला. "ओळखतंय ते."

आणि ओळखलंच त्यानं. मशीन चालू झाली, एक्स-रे निघत राहिले, सगळ्यांनी पेढे खाल्ले. पत्र्यावरची तीन नंबरची पट्टी मात्र त्या दिवसापासून दुसऱ्याच डिस्कसमोर उभी होती. कुणाच्या बापाला पत्ता नव्हता.

संक्रांतीनंतर एक डिस्क मेली. कल्याणचा फोन आला तेव्हा राजानंद केदारखेड्याला साडूच्या पोरीच्या लग्नात जेवत होता. डीजे वाजत होता. कल्याणनं पडद्यावर आलेला मेल्या डिस्कचा कंपनीचा लांबलचक नंबर वाचून दाखवला. राजानंदनं मोबाइलातला मशीन बसवतानाचा जुना फोटो उघडला, तो नंबर कोणत्या पट्टीसमोर आहे ते जुळवलं आणि तोंडात घास ठेवूनच ओरडला, "तीन नंबरची काढ! नवीन घाल तिच्या जागी!"

मशीन आधी बंद कर, डिस्क बाहेर काढून तिच्यावरचा नंबर वाच, जुळला तरच बदल. एवढंच म्हणायचं होतं. वाढप्याला "अजून बुंदी" म्हणायला त्याला वेळ मिळाला, हे म्हणायला नाही मिळाला.

कल्याणनं चालू मशीनमधून तीन नंबरच्या जागची डिस्क ओढली आणि तिथं नवी कोरी घातली. ओढलेली धडधाकट होती. मेलेली तिथंच एक नंबरात बसून राहिली. एक मेलेली, एक उपटलेली; सगळं जागेवर ठप्प.

"बाईनं डिस्क इकडच्या तिकडं केल्त्या," दोन दिवसांनी कल्याण फोनवर म्हणाला. "मामानं तिला काढून टाकलं. तुम्ही येऊन माल तेवढा काढून द्या, भाऊ."

त्या 'काढून टाकलं' वर राजानंदनं "अरेरे" म्हटलं होतं. फक्त अरेरे.

मंठ्याला पोचल्यावर दवाखान्यात कल्याणनं मशीनमधल्या चार डिस्क आणि टेबलाच्या खणातली ती पाचवी, उपटलेली, पिशवीत घालून दिल्या. पाचवीच्या स्क्रूच्या खळगीत हळद अजून चिकटलेली होती.

"डिस्क काढल्यावर काय काय केलं?" राजानंदनं विचारलं.

"कायबी न्हाई."

"कोणती कमांड दिली?"

"आईच्यान, भाऊ, हात लावला न्हाई. मला त्यातलं काय कळतंय?"

कल्याण बोलताना पंख्याकडं बघत होता. पंखा बंद होता.

दुकानात आल्यावर राजानंदनं पहिल्यांदा प्रत्येक डिस्कची हुबेहूब नक्कल काढायला लावली. मूळ डिस्कवर काम करायचं नाही, हा त्याचा नेम. मढ्यावर प्रयोग करता येतात, पण मढं एकच असतं. चार डिस्कच्या नकला सरळ झाल्या. एक नंबरातली ती मेलेली मात्र कट्‌कट्‌ करायला लागली. नक्कल काढणाऱ्या प्रोग्रामला त्यानं सांगून ठेवलं, वाचता येतं ते आधी घे, अडतंय तिथं उडी मार, मागून बघू.

मग त्यानं नकलांची कपाळं वाचली. जुंपलेल्या प्रत्येक डिस्कवर लिनक्स एक छोटी खूण लिहून ठेवतं: ही कुठल्या जुंपणीतली, कितव्या जागेची, जुंपणी कधी झाली. उपटलेल्या डिस्कवर सहा वर्षांपूर्वीची तारीख होती. बाकी चारींवर संक्रांतीनंतरची. त्याच दुपारची, तो केदारखेड्यात बुंदी खात होता त्यानंतरच्या तासाची.

म्हणजे कल्याणनं घाबरून इंटरनेटवरची कुठली तरी कमांड उचलली होती आणि जुनी जुंपणी जोडायच्या ऐवजी त्याच डिस्कवर नवी कोरी जुंपणी मांडली होती. कोऱ्या डिस्कला धरून. मशीननं इमानेइतबारे कोऱ्या डिस्कचा हिशेब घालून शेवटच्या जागेवरच्या चांगल्या डिस्कवर कचरा लिहायला सुरुवात केली. घाबरून त्यानं वायर उपटली तोवर सुरुवातीचा भाग गेला होता. आणि कुलपाचा सगळा कारखाना त्या सुरुवातीलाच असतो. तो गेला की पासवर्ड माहीत असून उपयोग शून्य. किल्ली हातात, पण दाराला कुलूपच नाही, नुसती भिंत.

राजानंद खुर्चीत मागं रेलला. त्याला राग यायला पाहिजे होता. आला तो आनंद. अंगातून एकदम ओझं उतरल्यासारखं झालं. आत घरात जाऊन बायकोला, सुमेधाला म्हणाला, "सापडलं! घोळ कल्याणनं केला. खोटं बोलून राह्यला तो. माझ्या फोननं नुसती मशीन बंद पडली असती. डिस्क परत घातली असती तर जोडता आली असती. सत्यानाश त्यानं केला."

सुमेधा भाकरी थापत होती. शाळेत गणित शिकवते ती. हिशेब कच्चा ठेवत नाही.

"बरं झालं," ती म्हणाली. "मंग तू सुटला का?"

"तसं न्हाई म्हणत मी..."

"तसंच म्हणून राह्यला. तोंड बघ आरशात, निकाल लागल्यासारखं झालंय." तिनं भाकरी उलटली. "आन् ती बाई? ती कोणाच्या चुकीनं घरी बसली? कल्याणच्या, तुझ्या, का त्या कमानीच्या?"

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही ते नाहीच.

पुढचे दिवस त्यानं त्या मेलेल्या डिस्कपाशी काढले. हिशेब आता साफ होता. कल्याणनं जिथं कचरा लिहिला तेवढ्या सुरुवातीच्या भागासाठी तीन बहिणी पाहिजेत: उपटलेली, दुसरी एक धडधाकट, आणि ही मेलेली. पुढच्या भागासाठी मेलेलीची गरज नव्हती. म्हणजे तिच्या डोक्याचा तेवढा भाग वाचता आला पाहिजे. बाकी धड मेलं तरी चालेल. लाईट जायची, इन्व्हर्टर किंचाळायचा, डिस्क कट्‌कट्‌ करायची. तिला गार ठेवायला त्यानं दुकानातला एकुलता पंखा तिच्यावर लावला आणि स्वतः घामात बसला. गिऱ्हाईक आलं तर म्हणायचा, "उद्या या, आयसीयूत पेशंट हाय."

कोण कितव्या जागेची, हे लावायला तोच मोबाइलातला फोटो कामी आला. ज्या फोटोवरून तो तीन नंबर म्हणून ओरडला होता, तोच. तो बघणं भाग होतं. नकलांना हात न लावता, त्यांच्यावर कोरा थर अंथरून, लिहिणं झालं तर त्या थरावर व्हावं असं करून, त्यानं तीन बहिणी जुन्या क्रमानं उभ्या केल्या. पासवर्ड टाकला. पडदा म्हणाला, या किल्लीनं उघडत नाही.

पुन्हा टाकला. नाही.

त्यानं मेलेलीची नक्कल तपासली. सुरुवातीच्या भागात एक छोटंसं भोक राहिलेलं होतं, प्रोग्रामनं उडी मारलेली जागा. तेवढ्या जागेसाठी डिस्क पुन्हा पुन्हा वाचायला लावली. ती कण्हत होती. राजानंद तिच्याशी बोलायला लागला. "एवढी एकदा बोल, माय. मंग झोप." बोलता बोलता त्याला कळलं, की आपण डिस्कला माय म्हणून राह्यलो, आणि ज्या बाईला मावशी म्हणत होतो तिला एक फोनसुद्धा केला नाही.

भोक भरलं. पासवर्ड टाकला. काही क्षण काहीच नाही. मग कुलूप उघडलं.

पहिलं काम, कुलपाच्या कारखान्याची नक्कल वेगळ्या जागी ठेवली. हे सहा वर्षांपूर्वी करायचं काम होतं, आणि तेही त्याचंच होतं. मग पुढचा भाग दुसऱ्या तिघींवरून जोडला. माल बाहेर यायला लागला. काही फोटो अर्धे करडे निघाले, काही गेले ते गेलेच. पण बहुतेक छात्या आल्या. काळ्या पडद्यावर पांढऱ्या फासळ्या, कुणाच्या कुणास ठाऊक.

सुमेधा मागं उभी राहून बघत होती. "आता एक कर," ती म्हणाली. "डिस्क लगेच देऊ नको. आधी बाईला कामावर घ्या म्हण, मंग माल."

"न्हाई."

"का? पहिल्यांदा तुझ्या हातात काही हाय."

"छात्या लोकांच्या हायत, साहेबाच्या न्हाई. त्या अडकवून मी कोणाचं तोंड दाबू?"

"मंग तोंडानंच बोल," ती म्हणाली. "हेल्मेट काढून."

मंठ्याला गेल्यावर तो सरळ दवाखान्यात गेला नाही. दैवशालाबाई गावाबाहेर एका शेतात फरदडीचा, हंगाम संपल्यावर उरलासुरला कापूस वेचत होती. कमरेला बांधलेली ओटी निम्मी भरलेली. त्याला बांधावर बघून तिनं ओळखलं, पण हात थांबवले नाहीत.

"या इंजिनेर साहेब. वेचायला आलात का?"

"मावशी, माल निघाला. फोटो सापडले."

"बरं झालं. पेढे कुठंयत?"

तो ढेकळांतून तिच्या ओळीपाशी गेला. काय बोलायचं ते जालन्यापासून पाठ करत आला होता, त्यातलं काही आठवेना. "मावशी, फोनवर 'तीन नंबरची काढ' मीच म्हटल्तं. पट्ट्याबी मीच चुकीच्या जागी लावल्या. तुम्ही ट्रे बदलले त्यानं कायबी बिघडलं नव्हतं. मशीन चांगली तीन महिने चालली की त्याच्यानंतर."

दैवशालाबाईचे हात थांबले.

"हे तुला कधी कळलं?"

"मोबाइलातल्या फोटोवरून लगेच कळल्तं. लगेच म्हणजे... कल्याणनं बाईनं अदलाबदल केली म्हटलं, तवाच."

"आन् आता पंधरवडा झाला." ती कपाशीचं बोंड बोटात फिरवत राहिली. "तवर गावात काय म्हणून राह्यलेत माहितीय? बाईनं हळद लावून मशीन मारली. आमच्या वस्तीतली पोरं मला बघितलं की मोबाइल खिशात घालतेत. मावशी, हात लावू नका, म्हणतेत. चेष्टा करतेत, मला समजतं. पण पंधरवडा चेष्टा लई लांब असते, बाबा."

"मी तुमचं नाव साफ करतो, मावशी. साहेबापुढं सांगतो सगळं."

"नाव साफ करून काय चुलीवर ठेवू?" ती फाडकन म्हणाली. "मला काम पाहिजे. अठरा वर्षं झाडला मी तो दवाखाना. पायऱ्या झाडल्या, रक्त पुसलं, खाटेवरच्या पेशंटचं सारं केलं. काम कधी देतेत ते विचार. मला दिवस पाहिजे. कोणत्या दिवशी येऊ?"

दवाखान्याच्या ओट्यावर नेहमीची माणसं खोकत बसलेली. त्यातला एक म्हातारा, तातेराव नावाचा, महिन्याच्या महिन्याला येणारा, राजानंदच्या पिशवीकडं बघून म्हणाला, "भाऊ, आमच्या छात्या घावल्या का?"

"घावल्या, बाबा."

"माझी नीट हाय का तेवढं सांगा. लई वर्षांची जुनी हाय."

बाकीचे हसले आणि हसता हसता खोकायला लागले.

केबिनमध्ये साहेब मधल्या मोठ्या खुर्चीत, बाजूच्या खुर्चीत कल्याण. राजानंदनं वेगळ्या डिस्कवर उतरवून आणलेला माल लॅपटॉपवर उघडून दाखवला आणि डिस्क टेबलावरून साहेबाकडं सरकवली. साहेबानं ती लगेच खणात घालून खण बंद केला.

"शाब्बास रे पठ्ठ्या! मी म्हणत होतो ना, जालन्याचा माणूस कामाचा आहे." साहेबाचा चेहरा खुलला. "आता एवढंच कर. उद्या ट्रस्टचं मंडळ बसतंय. तू समोर येऊन सांग, की डिस्कांची अदलाबदल झाली म्हणून हे सगळं घडलं. खोटं तर नाही ना यात?"

"खोटं न्हाई, साहेब. अर्धं हाय."

"म्हणजे?"

"अदलाबदलीनं मशीनला काही झालं न्हाई. पट्ट्या मी चुकीच्या लावल्या. नंबर न तपासता डिस्क काढायला मी सांगितलं. ती पहिली चूक माझी. नंतर जुनी जुंपणी मोडून नवी मांडली, म्हणून कुलूप गेलं. त्याची तारीख डिस्कवरच लिहिलेली हाय." त्यानं कल्याणकडं बघितलं. "भाऊ, मी तुझ्या तोंडून ऐकायला थांबलो होतो."

कल्याणनं पंख्याकडं बघितलं. आज पंखा चालू होता. "घाबरलो होतो," तो पुटपुटला. "मामा, मला वाटलं, होईल नीट."

साहेबानं भाच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "राजानंद, म्हणजे तू कबूल करतोस, चूक तुझी."

"करतो."

"पुढचं काम द्यायचं होतं तुला. बॅकअपचंच. आता मागशील ती मशीन."

"आता?"

"मग कधी? झालं गेलं. हे बघ, बाईला परत घेतलं की मंडळ विचारणार, मग काढलीच कशाला? त्याला उत्तर काय देऊ मी? चार पैसे देऊ तिला, दुसरीकडं लावून देऊ. एका झाडणारणीसाठी दवाखान्याची अब्रू..."

हेल्मेट राजानंदनं बाहेर गाडीला अडकवलेलं होतं. ओरडावं असं त्याच्या मनात होतं, पण आवाज निघाला तो साधा, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतो तसा.

"साहेब, डिस्क तुमच्या खणात गेली. आता माझ्या हातात कायबी न्हाई, म्हणून दमदाटी करून राह्यलो असं समजू नका. मंडळासमोर मी येणार, आन् पहिलं नाव माझंच घेणार. दुसरं कल्याणचं. बॅकअपला दोनदा कोण न्हाई म्हणालं, ते त्यांनी विचारलं तर तेबी सांगणार. तुम्ही माझ्यावर केस करा, पुढचं काम दुसऱ्याला द्या, मी घरी जाईन. पण आपण तिघं चुकलोत आन् तिघं पंख्याखाली खुर्चीत बसलोत. जिनं विचारून, पुसून, बराबर काम केलं, ती उन्हात कापूस वेचून राह्यली."

साहेबानं घड्याळाकडं बघितलं. "बरं, बघू."

"बघू नका, साहेब. ती शेतात माझी वाट बघून राह्यली. कोणत्या दिवशी येऊ, म्हणून विचारलंय तिनं. मी इथून उठून थेट तिच्याकडं चाललोय." राजानंद उठला नाही, खुर्ची टेबलाजवळ ओढून बसला. "काय सांगू तिला? सोमवार का मंगळवार? बोला."